जेआरडी आणि वाटेतला दुसरा विमानतळ

मुंबई-गोवा महामार्गावर पेण मागे पडले की वडखळचा नाका येतो. उजव्या हाताचा रस्ता अलिबागला जातो, सरळ गेले की गोवा. वाहनांच्या कोंडीसाठी वर्षानुवर्षे बदनाम झालेल्या या नाक्यावर ज्यांनी तासन्‌तास काढले आहेत, त्यांनी कंटाळून कधीतरी वर पाहिलेच असेल. धरमतरच्या खाडीवरून, भातखाचरांवरून एखादे विमान मुंबईच्या दिशेने उतरत जाताना दिसते. आतल्या प्रवाशाला आपण कोठे उतरणार हे ठाऊक असते. वैमानिकाजवळच्या कागदांत मात्र आणखी एका विमानतळाचे नाव असते. मुंबईला उतरता आले नाही तर कोठे जायचे, याचे उत्तर विमान जमिनीवर असतानाच ठरवून तेवढे इंधन भरून घ्यावे लागते. मार्ग महासागरावरून असेल तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. तेथे तासन्‌तास खाली पाण्याशिवाय काही नसते आणि ज्यांची नावे आयुष्यात कधी ऐकली नाहीत अशी बेटे नि गावे अचानक महत्त्वाची ठरतात.

भारतीय हवाई वाहतुकीत या प्रश्नाशी ज्या माणसाचे आयुष्य पहिल्यापासून बांधले गेले, तो माणूस म्हणजे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. जेआरडींची थोरवी सांगताना आपल्याकडे पोलाद, मोटारी, ट्रस्ट, भारतरत्न अशी उजळणी होते. एअर इंडियाचा विषय निघाला की पडद्यांच्या रंगापासून कॉफीच्या चवीपर्यंत लक्ष घालणारे चोखंदळ अध्यक्ष आठवतात. ते सारे खरेच आहे. परंतु पडदे आणि कॉफी ही नंतरची गोष्ट. त्याआधी हा माणूस एका इंजिनाच्या विमानात एकटा बसून खाली सपाट जमीन शोधत हिंडला होता.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी हे जमशेटजींचे नातलग आणि सहकारी, आई सुझान ब्रिएर ही फ्रेंच. उत्तर फ्रान्समध्ये आर्देलो येथे समुद्रकिनारी या कुटुंबाचे उन्हाळी घर होते आणि लुई ब्लेरिओचे घरही त्याच किनाऱ्यावर. २५ जुलै १९०९ रोजी विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारा पहिला माणूस तो हाच ब्लेरिओ. त्याच्याजवळ होकायंत्र नव्हते. धुक्यात काही काळ त्याला ना फ्रान्स दिसत होता ना इंग्लंड. सुमारे ३७ मिनिटांत तो डोव्हरच्या टेकड्यांवर कसाबसा आदळत उतरला. समुद्रावरून विमान नेणाऱ्या माणसाला पलीकडची जमीन दिसेनाशी होणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले त्याच्या शेजारी जेआरडींचे बालपण गेले. वयाच्या पंधराव्या वर्षी त्याच किनाऱ्यावर त्यांनी विमानातून पहिली चक्कर मारली आणि पुढे काय व्हायचे ते ठरून गेले.

ठरले तरी प्रत्यक्षात येण्यास वेळ लागला. मध्ये फ्रेंच लष्करातील सक्तीची नोकरी झाली, भारतात परतणे झाले आणि १९२६ मध्ये वडिलांचे निधन झाले. मुंबईत जुहूला फ्लाइंग क्लब सुरू झाल्यावर जेआरडी तेथे शिकण्यास गेले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला हा पहिला परवाना. त्यावर १ हा आकडा होता, याचा त्यांना अखेरपर्यंत अभिमान वाटे.

त्याच वर्षी आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले. इंग्लंडहून भारतात किंवा भारतातून इंग्लंडला एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळणार होते. तिघे उतरले : मनमोहन सिंग (नंतरच्या पंतप्रधानांशी केवळ नामसाम्य), अस्पी इंजिनिअर आणि जेआरडी. जेआरडी मे १९३० मध्ये कराचीहून आपल्या जिप्सी मॉथमधून निघाले. या विमानाला एकच इंजिन. रेडिओ नाही, हवामानाची खात्रीशीर माहिती नाही. नकाशा मांडीवर, आणि नजर सतत खाली. त्या काळच्या वैमानिकाला पर्यायी विमानतळ कोणी नेमून देत नसे. इंजिनाचा आवाज बदलला की दिसेल ते वाळवंट किंवा शेत हाच त्याचा विमानतळ. म्हणूनच मार्ग शक्यतो किनाऱ्याला आणि लष्करी तळांना धरून आखला जाई.

इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीर तळावर जेआरडी उतरले, तेव्हा समोरून आलेले अस्पी इंजिनिअर तेथे अडकून पडले होते. वय अवघे १७. इंजिनाचे स्पार्क प्लग निकामी झालेले आणि नव्या प्लगांची वाट पाहण्यावाचून दुसरा उपाय नव्हता. जेआरडींजवळ जादा संच होता. तो त्यांनी देऊन टाकला. अस्पी कराचीला पोहोचले तेव्हा जेआरडींना लंडन गाठायला थोडेच तास उरले होते. बक्षीस अस्पींना मिळाले. मनमोहन सिंगांना स्पर्धेची मुदत पाळता आली नव्हती. हाच मुलगा पुढे १९६० साली भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

ही गोष्ट खिलाडूवृत्तीचा नमुना म्हणून नेहमी सांगितली जाते. तिची दुसरी बाजू फारशी कोणी पाहत नाही. परमुलखात, वाळवंटाच्या कडेला, विमान धड असूनही चार-दोन सुट्या भागांवाचून जमिनीला खिळून राहते. उतरायला जागा मिळाली म्हणजे सुटका झाली असे नसते. त्या जागी मदत मिळाली पाहिजे. पुढे अर्ध्या शतकाने महासागरी मार्गांवरील पर्यायी विमानतळांचे नियम तयार झाले, तेव्हा केवळ धावपट्टीची लांबी मोजून भागले नाही. आगीचे बंब आहेत का, हवामानाची माहिती मिळते का, उतरलेल्या माणसांना निवारा देता येईल का, हेही पाहावे लागले.

दोन वर्षांनी टाटांची हवाई टपाल सेवा सुरू झाली. कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश हवाई दलातून निवृत्त झालेल्या वैमानिकाची. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जेआरडी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून टपालाच्या थैल्या घेऊन पुस मॉथमधून उडाले. अहमदाबादला बैलगाडीतून आणलेल्या डब्यांनी इंधन भरले गेले. दुपारी दोनच्या आत ते जुहूला उतरले. तेथून व्हिन्सेंट टपाल घेऊन मद्रासकडे निघाले, पण अंधार आणि हवा यांमुळे रात्री बेल्लारीला थांबले. पहिल्याच दिवशी वाटेतला मुक्काम कामी आला!

जुहूचा विमानतळ म्हणजे काय होते, याची कल्पना आजच्या मुंबईकराला येणार नाही. समुद्राच्या भरतीच्या पातळीलगतची खाजण जमीन आणि झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी. पावसाळा आला की सारे पाण्याखाली. मग टाटांची ही चिमुकली कंपनी विमाने, माणसे नि अवजारे घेऊन घाट चढे आणि येरवड्याच्या तुरुंगाच्या सावलीतल्या मैदानावरून आपला कारभार चालवी. दसऱ्याच्या सुमारास पुन्हा खाली. मुंबईचा पर्यायी विमानतळ पुणे, ही गोष्ट अशी पावसाने ठरवून दिली होती. खाली कोकणात तर पर्यायच नव्हता. १९३५ मध्ये टाटांनी मुंबईहून गोवा, कन्नूरमार्गे त्रिवेंद्रमची सेवा सुरू केली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची भिंत आणि मध्ये खाड्यांनी चिरलेली पट्टी. पेण-वडखळपासून रोह्यापर्यंतची खारजमीन पावसाळ्यात वरून हिरव्यागार गालिच्यासारखी दिसते, पण त्या चिखलात विमान टेकवणे म्हणजे ते उलटवणे. ही सेवा केवळ कोरड्या ऋतूत चालत असे, हे ओघानेच आले. याच रायगड जिल्ह्यात पनवेलजवळ नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमाने उडू लागली. जुहूच्या झोपडीपासून येथवर यायला ९३ वर्षे लागली.

युद्ध संपले. टाटा एअरलाइन्सची १९४६ मध्ये एअर इंडिया झाली. जेआरडींची नजर आता समुद्रापलीकडे होती. सरकारला बरोबर घेऊन त्यांनी एअर इंडिया इंटरनॅशनल स्थापन केली आणि ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. जेआरडी स्वतः त्यात होते. कॉन्स्टेलेशनला चार इंजिने होती आणि लांब पल्ल्यासाठी त्या काळी त्याला तोड नव्हती. एक इंजिन बंद पडले तरी तीन उरतात, हा हिशेब. १९५० मध्ये नैरोबीची सेवा सुरू झाली आणि अरबी समुद्रावरून जाणे हा नित्यक्रम झाला. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला मलबार प्रिन्सेस आल्प्समध्ये माँ ब्लाँवर आदळले. विमानातील ४८ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

१९५३ मध्ये हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. जेआरडींना ते पसंत नव्हते, तरी एअर इंडिया इंटरनॅशनलचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. आणि त्यांच्या कारकिर्दीतील तो दिवस आला, ज्याच्याविषयी बोलल्याशिवाय सागरी उड्डाणांची कोणतीही भारतीय कहाणी पुरी होत नाही.

११ एप्रिल १९५५. इंडोनेशियातील बांडुंग येथे आशिया-आफ्रिकेतील राष्ट्रांची परिषद भरणार होती. चीनच्या शिष्टमंडळातील काही सदस्य आणि पत्रकार यांना जाकार्ताला नेण्यासाठी एअर इंडियाचे 'काश्मीर प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन भाड्याने घेतले गेले. विमान हाँगकाँगच्या काई ताक विमानतळावरून निघाले. आत ११ प्रवासी आणि ८ कर्मचारी. कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार, सहवैमानिक दीक्षित, नॅव्हिगेटर पाठक, देखभाल अभियंता अनंत श्रीधर कर्णिक, हवाईसुंदरी ग्लोरिया बेरी. नावांवरूनच कळेल की त्या विमानात महाराष्ट्राचा वाटा मोठा होता. चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय याच विमानाने जाणार अशी समजूत होती. ते त्यात नव्हते.

सुमारे पाच तास प्रवास झाला. विमान दक्षिण चीन समुद्रावर १८ हजार फुटांवर होते, हवा स्वच्छ होती. अचानक स्फोटाचा आवाज झाला. उजव्या पंखात, तिसऱ्या क्रमांकाच्या इंजिनामागे आग लागली. जटारांनी ते इंजिन बंद केले. तीन इंजिने चालू होती आणि केवळ इंजिन गेले असते तर विमान आणखी कितीतरी मैल जाऊ शकले असते. पण प्रश्न इंजिनाचा नव्हता. पंख जळत होता. धूर केबिनमध्ये आणि तेथून चालकांच्या कक्षात शिरू लागला, विजेची मंडले एकेक करून निकामी होत गेली. नातुना बेटांजवळची आपली जागा कळवणारे तीन संकटसंदेश गेले आणि रेडिओ बंद पडला.

जटारांपुढे त्या क्षणी कोणते पर्याय होते? जवळच्या कोणत्याही धावपट्टीपर्यंत पोहोचण्याइतका वेळ त्या पंखाजवळ नव्हता. खाली नातुनाची बेटे होती, पण विमान टेकवता येईल असे तेथे काही नव्हते. उरला समुद्र. प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे दिली गेली. विमान पाण्यात पडताच बाहेर पडता यावे म्हणून आपत्कालीन दारे आधीच उघडली गेली. जटार विमान पाण्यावर उतरवण्याच्या प्रयत्नात अखेरपर्यंत जागेवर होते. उजवा पंख आधी पाण्याला लागला आणि विमानाचे तुकडे झाले. दीक्षित, पाठक आणि कर्णिक एवढेच वाचले. ते पोहत बेटाकडे गेले आणि नंतर 'डॅम्पिअर' या ब्रिटिश युद्धनौकेने त्यांना सिंगापूरला नेले. बाकीचे १६ जण गेले. त्यांत जटार होते, ग्लोरिया बेरी होती.

इंडोनेशियाच्या चौकशीत घातपात सिद्ध झाला : विमानात टाइमबॉम्ब ठेवला होता. संशय हाँगकाँग विमानतळावरील एका सफाई कामगारावर होता. तो तैवानला पळून गेला. जटार, बेरी आणि वाचलेले तिघे यांचा भारत सरकारने अशोकचक्र मालिकेतील शौर्यसन्मानाने गौरव केला. कर्णिकांनी या प्रसंगावर पुस्तक लिहिले. नातुना बेटावर नंतरच्या काळात रानाई येथे धावपट्टी झाली, आज तेथे विमानतळ आहे. अर्थात ती १९५५ मध्ये असती तरी जळत्या पंखाने तेथवर पोहोचू दिले असते का, हे कोण सांगणार. तरीही समुद्राच्या मध्यावर एखादी धावपट्टी असणे आणि नसणे यांत काय अंतर असते, ते त्या दिवशी समजले.

जेआरडींनी नंतरही तीच वाट धरली. फेब्रुवारी १९६० मध्ये बोइंग ७०७ आले, त्याच वर्षी एअर इंडिया अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला जाऊ लागली आणि १९६२ पर्यंत तिचा सारा ताफा जेट विमानांचा झाला. दुःखद घटना चुकल्या नाहीत. १९६६ मध्ये माँ ब्लाँवरच 'कांचनजंगा' कोसळले, त्यात होमी भाभा गेले. १ जानेवारी १९७८ रोजी 'सम्राट अशोक' हे जम्बो मुंबईहून उडताच काही मिनिटांत वांद्र्याच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात पडले. २१३ बळी. तेथे तर विमानतळ नजरेच्या टप्प्यात होता! जवळच्या धावपट्टीचाही प्रत्येक वेळी उपयोग होतोच असे नाही. पुढल्याच महिन्यात मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केले. दोन्ही घटनांचा संबंध जोडण्याचे कारण नाही, परंतु ज्या रीतीने २५ वर्षांच्या बिनपगारी सेवेची बोळवण झाली ती अशोभनीयच होती.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या टपाल उड्डाणाला ५० वर्षे झाली तेव्हा, ७८ वर्षांचे जेआरडी पुन्हा कराचीहून निघाले. या वेळी लेपर्ड मॉथ हे तसेच जुने, एका इंजिनाचे विमान होते. अहमदाबादला थांबून ते जुहूला उतरले. हौस म्हणून अनेकांनी कौतुक केले. मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. जम्बोच्या जमान्यात एका इंजिनाच्या विमानात बसून खालची शेते पुन्हा एकदा न्याहाळणारा हा म्हातारा माणूस, उड्डाण म्हणजे काय असते ते आपल्या उत्तराधिकाऱ्यांना दाखवत होता.

या काळातच नियम बदलत होते. दोन इंजिनांच्या विमानाने कोणत्याही विमानतळापासून एका इंजिनावर ६० मिनिटांच्या अंतरापेक्षा दूर जाऊ नये, असा अमेरिकेचा नियम १९५३ पासून होता. म्हणून महासागर ही तीन-चार इंजिनांच्या विमानांची मिरास होती. इंजिने भरवशाची झाली तशी १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटांवर आणि तीन वर्षांनी १८० मिनिटांवर नेण्यात आली. या नियमालाच 'एटॉप्स' म्हणतात. त्यामुळे आइसलंडचे केफ्लाविक, अझोर बेटांवरील लाजेस, पॅसिफिकमधील मिडवे अशी ठिकाणे जगाच्या हवाई नकाशावर खुंट्यांसारखी ठोकली गेली. त्यांना दोरी बांधूनच विमानांचे मार्ग ओढले जातात. ज्या वर्षी हा बदल सुरू झाला, त्याच १९८५ च्या २३ जूनला एअर इंडियाचे 'कनिष्क' आयर्लंडजवळ अटलांटिकवर बॉम्बस्फोटाने फुटले. ३२९ जण गेले. त्या विमानाला चार इंजिने होती. वळण्यास एक क्षणही मिळाला नाही.

जेआरडींना १९९२ मध्ये भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले आणि जन्मगाव पॅरिसमध्येच त्यांचे दफन करण्यात आले. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटांकडे आली.

त्यानंतर सोळा महिन्यांनी, ६ जून २०२३ रोजी, दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या एअर इंडियाच्या दोन इंजिनांच्या बोइंग ७७७ विमानाच्या एका इंजिनात बिघाड झाला. वैमानिकांनी विमान रशियाच्या अतिपूर्वेकडील मगादान या शहराकडे वळवले आणि सुखरूप उतरवले. २१६ प्रवासी, १६ कर्मचारी. भाषा येईना, जेवण रुचेना, वसतिगृहात आणि शाळेत अंथरुणे टाकून झोपावे लागले. अनेकांनी तक्रारी केल्या. कोणालाही खरचटलेसुद्धा नव्हते. दुसऱ्या दिवशी मुंबईहून निघालेले रिकामे विमान मगादानला गेले आणि ८ जूनला ती सारी माणसे सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचली. पुढच्या वर्षी दिल्ली-शिकागो विमान बॉम्बच्या धमकीमुळे कॅनडाच्या बर्फाळ उत्तरेतील इक्वालुइट येथे उतरवावे लागले. त्यात २११ जण होते. धमकी खोटी निघाली. तारीख होती १५ ऑक्टोबर.